शंका-समाधान : राक्षस किती हात उंच?

गेल्या अंकात पन्हाळ्याजवळच्या पांडवदऱ्याच्या लेण्यांवर मजकूर आला होता. तो वाचून 'एवढं काम साध्या माणसाच्या हातून होईल का' असं विचारणारी पत्रं आली. त्यामागोमाग घटोत्कच आला, कोल्हासुर आला, तालमीतले जुने मल्लही आले. सारख्या शंका एकत्र करून त्यातल्या निवडक इथे घेतल्या आहेत. विचारणाऱ्यांची नावं न देता फक्त पेठ किंवा गाव दिलं आहे. वाचताना हाताशी मेजरिंग टेप ठेवलात तर बरं.

प्रश्न (शिवाजी पेठ) : घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक फोटो येतो. खड्ड्यात भलामोठा सांगाडा आणि शेजारी मुंगीएवढी माणसं. खाली लिहिलेलं असतं, 'घटोत्कचाचा सांगाडा सापडला, सरकारने बातमी दाबली.' खरं काय?

खड्डा खरा आहे, सांगाडा नंतर चिकटवलेला आहे. २००० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड पार्क इथे कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी मॅस्टोडॉनचं उत्खनन केलं. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीच्या नात्यातला एक नामशेष प्राणी. त्या खोदकामाचा उंचावरून काढलेला फोटो एका कलाकाराने २००२ मध्ये घेतला आणि संगणकावर फोटो बदलण्याच्या एका स्पर्धेसाठी त्यात माणसाचा सांगाडा बसवला. कुणाला फसवायचा बेत नव्हता. पुढे फोटो स्पर्धेतून सुटला आणि त्याला पाय फुटले. अरबस्तानात तो एका वेगळ्याच प्राचीन जमातीचा झाला, आपल्याकडे घटोत्कचाचा. २००७ मध्ये मुंबईच्या एका मासिकाने तो खरा म्हणून छापला आणि मागाहून चूक कबूल केली. त्याच वर्षी नॅशनल जिओग्राफिकनेही हा बनाव असल्याचा खुलासा केला.

असा फोटो आला की आधी सावल्या बघा. माणसांच्या सावल्या एकीकडे आणि बरगड्यांच्या दुसरीकडे पडत असतील, तर दोन वेगवेगळ्या उन्हांतले तुकडे जोडलेले आहेत. मग गूगल लेन्सवर तो फोटो टाकून सर्वांत जुनी तारीख कुठली मिळते ते शोधा. इथे लोक एक चूक हमखास करतात : फॉरवर्ड होऊन कापला गेलेला, वर लाल बाण काढलेला स्क्रीनशॉट टाकतात आणि 'काही सापडलं नाही' म्हणून फोटो खरा ठरवतात. बाण आणि मजकूर कापून टाका, तरी न मिळाल्यास फोटो आरशासारखा उलटा करून पुन्हा शोधा. उलटवून फिरवलेले फोटो बरेच असतात.

'बातमी दाबली' या वाक्याबद्दल एवढंच, की वीस मीटरचा माणूस ज्याला सापडेल त्याचं नाव जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जाईल. असली बातमी दाबून ठेवणारा संशोधक अजून जन्माला यायचा आहे.

प्रश्न (टेंबलाईवाडी) : जुन्या घराचा पाया काढताना पाच फुटांवर एक हाड निघालं, जवळजवळ दोन हात लांब. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, कोल्हासुराच्या सैन्यातलं असणार. हाड माणसाचं आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि त्यावरून उंची काढता येते का?

उंची काढता येते, पण हाड माणसाचं असेल तरच. सगळी गफलत इथेच होते.

माणसाच्या मांडीच्या हाडाची लांबी उंचीच्या साधारण पावपटीहून थोडी जास्त असते. हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन तिला ३.७४ ने गुणलं की ढोबळ उंची मिळते. ४५ सें.मी.चं हाड असेल तर १६८ सें.मी., म्हणजे साडेपाच फुटी माणूस. अभ्यासक याहून बारीक सूत्रं वापरतात, स्त्री-पुरुषांसाठी आणि वेगवेगळ्या लोकसमूहांसाठी वेगळी. त्यांतही तीन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे होतातच.

आता तुमचे दोन हात म्हणजे ९० सें.मी. धरू. ९० गुणिले ३.७४ म्हणजे ३३७ सें.मी. झाला अकरा फुटी राक्षस! पण मोठ्या हत्तीच्या मांडीचं हाडही ९० सें.मी. ते मीटरभर भरतं. हत्तीच्या हाडाला माणसाचं सूत्र लावलं की अकरा-बारा फुटी माणूस आपोआप तयार होतो. जगभरच्या राक्षसांच्या कितीतरी 'पुराव्यां'ची उंची नेमकी याच पट्ट्यात आहे, हा योगायोग नव्हे. कोल्हापुरात तर हत्ती परका नाही. संस्थानकाळात इथे हत्ती होते, साठमारी म्हणजे हत्तीशी झुंजायचा खेळही होता. मेलेला हत्ती पुरतातच. हाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही निकाल देत नाही, पण पैज लावायचीच तर हत्तीवर लावू.

खात्री करायची तर तीन जागा बघा. पहिली, वरचं टोक. माणसाच्या मांडीच्या हाडाला वर चेंडूसारखा गोळा असतो आणि तो आडव्या झुकलेल्या मानेवर बसलेला असतो. हत्तीचा गोळा जवळजवळ थेट खांबाच्या डोक्यावर असतो, कारण तो पाय वजन तोलायला खांबासारखा सरळ उभा असतो. दुसरी जागा मधला दांडा. माणसाच्या दांड्याच्या मागच्या अंगाला एक उभी खरखरीत कड बोटाला लागते. हत्तीचा दांडा पुढून-मागून चपटलेला असतो. तिसरी खूण सर्वांत पक्की, पण हाड मोडलेलं असेल तरच दिसते. माणसाचं किंवा बैलाचं हाड मोडलं तर आत पोकळ नळी दिसते. हत्तीच्या हाडात अशी मोकळी नळी नसते, आत सगळं जाळीदार हाड भरलेलं असतं. हे बघायला हाड मुद्दाम मोडू नका. जेसीबीने बहुतेक वेळा ते काम आधीच केलेलं असतं.

लांबी मोजताना टेप हाडाच्या बाकावरून फिरवू नका, माप वाढतं. हाड जमिनीवर आडवं ठेवा, एक टोक भिंतीला टेकवा, दुसऱ्या टोकाला गवंड्याचा गुण्या लावा आणि भिंत ते गुण्या हे सरळ अंतर घ्या. टोक तुटलं असेल तर 'अंदाजे एवढं असणार' म्हणून भर घालू नका. लांबीत एक सेंटिमीटर वाढवला की उंचीत पावणेचार वाढतात.

जपणूक हा दुसरा भाग, आणि नुकसान जास्त इथेच होतं. हाड बाहेर काढण्याआधी जागेवर फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. जमिनीपासूनची खोली आणि मातीचा थर कसा आहे ते लिहून ठेवा : काळी चिकण, मुरूम, की भराव. हे तिथून हललं की हाडाची अर्धी किंमत गेली. नळाखाली धुऊ नका. उन्हात ठेवू नका; वरचा पापुद्रा आधी वाळून आकसतो, आतला ओला राहतो आणि हाड उभं चिरतं. सावलीत, वर्तमानपत्रावर, आठ-दहा दिवस सावकाश वाळू द्या. टिकावं म्हणून फेविकॉल किंवा व्हार्निश लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो आवरा. ओल आत कोंडते, आणि पुढे काळ ठरवायची परीक्षा करायची तर तो लेप आड येतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीने पसरते. बंद प्लॅस्टिक पिशवीत बुरशी धरते, तेव्हा पिशवीला भोकं पाडा.

हाड माणसाचं वाटलं, किंवा शंका जरी आली, तरी काम थांबवून पोलिसांना कळवायचं. ते किती जुनं हे ठरवणं आपलं काम नाही. सोबत नाणी, भांडी, दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जनावराचं असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखवा. डेक्कन कॉलेजात जुन्या प्राण्यांच्या हाडांचा तौलनिक अभ्यास चालतो.

एक गोष्ट राहिली. 'काळ्या कातळात हाड सापडलं' असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आपल्या पायाखालचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तेव्हा माणूस नव्हता आणि आजच्यासारखा हत्तीही नव्हता. जुनी हाडं मिळतात ती नदीच्या गाळात. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत नामशेष हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. उत्तरेत शिवालिकच्या टेकड्यांत तर त्यांची खाणच आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाच्या माणसांना कालवा खणताना मोठी हाडं सापडली. इतिहासकार फरिश्ताने लिहून ठेवलंय की त्यांत काही हत्तींची होती आणि काही माणसांची, आणि माणसाच्या हाताचं हाड तीन गज लांब होतं. पाचशे वर्षांनी त्याच शिवालिकमध्ये फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश अभ्यासकांनी जीवाश्म गोळा केले तेव्हा कळलं की ही सगळी नामशेष हत्ती आणि इतर प्रचंड जनावरांची हाडं. युरोपातल्या विद्वानांनीही कमी गोंधळ घातला नाही. १७२६ मध्ये शॉइख्झर या स्विस पंडिताने एक सांगाडा 'महाप्रलयात बुडालेला माणूस' म्हणून जाहीर केला. १८११ मध्ये क्यूव्हिये या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो साफ करून पाहिला तर निघाला मोठा सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला प्राणी. तेव्हा टेंबलाईवाडीच्या वडीलधाऱ्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी) : माझी छोटी फाउंड्री आहे. साधा प्रश्न : हत्ती एवढा मोठा होऊ शकतो, डायनासोर होऊ शकतो, तर माणूस तीस-चाळीस फुटी का होऊ शकत नाही?

याचं उत्तर तुमच्या पॅटर्नशॉपमध्येच आहे. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हीकडून दुप्पट केला तर धातू किती लागतो? आठपट. पण त्याच कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव वस्तूच्या, पायाचा छेद घेतला तर तो चौपटच वाढलेला असतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार दुप्पट. गॅलिलिओने हे १६३८ मध्ये हाडांचं चित्र काढून समजावलं होतं.

माणसाला हाच हिशेब लावू. १६५ सें.मी. उंच, ६० किलोचा माणूस तिन्हीकडून दहापट केला. उंची साडेसोळा मीटर, म्हणजे ५४ फूट. वजन हजारपट, ६० टन. मांडीच्या हाडाचा छेद मात्र शंभरपट. हाडावरचा ताण दहापट झाला, आणि हाड तर त्याच मालाचं. आपलं मांडीचं हाड मोडायला साधारण एवढाच जास्तीचा भार लागतो. म्हणजे हा गडी पहिलं पाऊल टाकतानाच मांडीत मोडेल. हाडं जाड करून बघा : मग स्नायू जाड हवेत, त्यांचं वजन वाढतं, पुन्हा हाडं जाड हवीत. असं करत करत शेवटी जो आकार उभा राहतो तो हत्तीचा. चार खांब, आखूड मान, सरळ गुडघे. डायनासोरही चार पायांवरच एवढे वाढले, आणि मोठ्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या. मोठं जनावर होऊ शकतं. माणसाच्या घाटाचं मोठं जनावर होऊ शकत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची, तीही तुमच्या ओळखीची. दुप्पट मापाचं कास्टिंग गोठायला चौपट वेळ घेतं, कारण आतला माल आठपट आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच. महाकाय माणसालाही घाम येणारी कातडी अशीच कमी पडणार. हत्ती कान हलवतो तो काही ताल धरण्यासाठी नव्हे.

मग खऱ्या माणसाची हद्द कुठे? नोंद असलेला सर्वांत उंच माणूस अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो, २७२ सें.मी., म्हणजे आठ फूट अकरा इंच. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढीचं संप्रेरक जास्त सोडत राहिली म्हणून तो वाढतच गेला. त्याला चालायला पायांत लोखंडी आधार लागत, पावलांची संवेदना कमी झाली होती. त्या आधाराने घासून फोड आला, तो चिघळला, आणि १९४० मध्ये बाविसाव्या वर्षी तो गेला. हा ग्रंथीचा आजार लहानपणी, हाडांची टोकं जुळण्याआधी झाला तर उंची वाढते. नंतर झाला तर उंची तीच राहून जबडा, हात, पाय वाढतात. प्राचीन काळातही असे रुग्ण होते. रोमजवळ फिदेनाए इथे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक तरुण सापडला, उंची २०२ सें.मी. त्या काळी तिथल्या पुरुषांची सरासरी १६७ च्या आसपास. गर्दीत तो पाऊण हाताने वर दिसत असणार. त्याच्याबद्दल गावात काय काय बोललं जात असेल याची कल्पना करा. पण तो एकटा होता, त्याची जमात नव्हती.

प्रश्न (कुंभोज) : आमच्या ग्रंथांत भगवान ऋषभदेवांची उंची ५०० धनुष्यं सांगितली आहे. रामायणातही राक्षसांची मापं दिलेली आहेत. मग हे सगळं खोटं म्हणायचं का?

खोटं नाही. पण ती शिंप्याने घेतलेली मापंही नव्हेत.

एक धनुष्य म्हणजे चार हात. हात १८ इंचांचा धरला तर धनुष्य सहा फुटांचं, आणि ५०० धनुष्यं म्हणजे ३००० फूट. आता तीर्थंकरांची मापं क्रमाने बघा : ऋषभदेव ५०० धनुष्यं, नेमिनाथ १० धनुष्यं, पार्श्वनाथ ९ हात, महावीर ७ हात. अवसर्पिणी काळात आयुष्य, उंची, सुख सगळं उतरत जातं, हे सांगणारी ही उतरती मांडणी आहे. तिच्यात काळाचं गणित आहे. तुमच्याच गावची बाहुबलींची मूर्ती २८ फूट आहे, श्रवणबेळगोळची ५७ फूट. ती घडवणाऱ्यांना माणूस किती उंच असतो हे ठाऊक नव्हतं, असं थोडंच आहे?

वाल्मीकींच्या युद्धकांडात कुंभकर्ण शंभर धनुष्यं रुंद आणि सहाशे धनुष्यं उंच आहे. म्हणजे ३६०० फूट. पन्हाळगड सभोवतालच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर, म्हणजे तेराशे फूट वर येतो. असे अडीच-पावणेतीन पन्हाळे एकावर एक ठेवले की कुंभकर्ण. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहावा म्हणून कवीने दिलेलं माप आहे हे, आणि ते काम ते चोख करतं.

ज्यांना खरोखर माणूस मोजायचा होता त्या वैद्यांनी काय लिहिलं ते बघा. चरकसंहितेत शरीराची उंची ८४ अंगुळं सांगितली आहे, तीही ज्याच्या त्याच्या अंगुळाने. बोटाची रुंदी दोन सेंटिमीटर धरली तर १६८ सें.मी. झाले. आजचा माणूस! सुश्रुतात १२० अंगुळं आहेत, आणि इथे घाई करणारा फसतो. १२० गुणिले दोन, २४० सें.मी., झाला आठ फुटी पूर्वज. पण टीकाकार सांगतात की हे माप चवड्यांवर उभं राहून हात वर केलेल्या माणसाचं आहे. घरी भिंतीशी उभं राहून करून बघा.

आपण मराठीत 'साडेतीन हातांचा देह' म्हणतो त्यातही हीच गोम आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजा, साडेतीनने गुणा, उंची येईल. कुंभकर्णही स्वतःच्या हाताने साडेतीन हातच भरला असता.

हाताने मोजलेली मापं नकलांमध्येही बदलतात. बायबलमधल्या गल्याथ या धिप्पाड योद्ध्याची उंची परंपरेने आलेल्या हिब्रू प्रतीत सहा हात एक वीत आहे, म्हणजे साडेनऊ फुटांच्या पुढे. त्याहून जुन्या, मृत समुद्राजवळच्या गुहेत मिळालेल्या प्रतीत आणि ग्रीक भाषांतरात मात्र चार हात एक वीत. हे होतात २०२ सें.मी.च्या आसपास, म्हणजे फिदेनाएच्या त्या तरुणाएवढे. दोन हात नकला करताना वाढले.

आणि कोल्हासुराचं विचाराल तर कोल्हापूरकरांनी त्याचं माप कधीच ठरवून टाकलंय. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोल्हासुर म्हणून कोहळा फोडतात, त्या कोहळ्यात तो मावतो.

प्रश्न (पन्हाळा) : पांडवदरा, तीन दरवाजा, अंबरखाना ही बांधकामं बघून वाटतं, आपल्या मापाच्या माणसांची ही कामं नव्हेत. मसाई पठारावर भीमाच्या पावलासारखे खळगेही आहेत.

दरवाजे माणसासाठी उंच केलेले नसतात, अंबारीसकट हत्ती जावा म्हणून असतात. अंबरखाना धान्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही. जिथे माणूस राहत होता ती जागा मोजा. अशा कोरीव विहारांत भिक्षूंच्या खोल्यांचे दरवाजे वाकून जायचे, आणि झोपायचा दगडी ओटा असेल तर सहा फुटी माणूस त्यावर जेमतेम मावतो. पांडवांच्या नावाची लेणी महाराष्ट्रभर आहेत. ज्याचा कर्ता विसरला, ते पांडवांच्या नावावर जमा.

पठारावरचे खळगे जांभ्याचे आहेत. जांभ्यात लोहाचं कठीण कवच असतं आणि मधेमधे मऊ मातीचे गोळे. पावसाने माती वाहून जाते, खळगा उरतो. पाच बोटं आपल्या डोळ्यांना दिसतात. न दिसलेले शेकडो खळगे आपण मोजत नाही.

मोठ्या शिळांचं म्हणाल तर कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेनकल इथे शेकडो महाश्मयुगीन थडगी आहेत, ग्रॅनाइटच्या प्रचंड फरश्यांची. दक्षिणेत अशी थडगी कुठे पांडवांची घरं म्हणून ओळखली जातात. पण हिरेबेनकलची लोककथा म्हणते की ही 'मोरियां'ची घरं, आणि मोरिया म्हणजे बुटके लोक! का, तर आत शिरायची भोकं लहान आहेत म्हणून. फरशी बघितली तर राक्षस, भोक बघितलं तर बुटके.

शिळा हलवायला उंची लागत नाही, माणसं आणि दोर लागतात. ईस्टर बेटावरच्या पुतळ्याची नक्कल करून हवाईत केलेल्या आणि २०१२ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात अठरा माणसांनी तीन दोरांनी सव्वाचार टनांहून जड पुतळा उभाच ठेवून डोलवत डोलवत शंभर मीटर चालवला, तोही पाऊण तासाच्या आत. इजिप्तमधल्या एका चित्रात १७२ माणसं एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर ओढताहेत आणि पुढे एक जण वाळूवर पाणी ओततोय. पूर्वी लोक त्याला पूजाविधी समजत. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की वाळू नेमकी हवी तेवढीच भिजवली तर ओढायला निम्माच जोर लागतो. कमी भिजवली तर वाळूचा ढीग पुढे साचतो, जास्त भिजवली तर गाडी रुतते. पाणी ओतणारा माणूस त्या कामातला सर्वांत जाणता असावा.

प्रश्न (राजारामपुरी, इयत्ता नववी) : जायगँटोपिथेकस हा महाकाय माणूस होता का? आणि कुठली प्राचीन माणसं खरंच उंच होती?

जायगँटोपिथेकस माणूस नव्हता, ओरांगउटानच्या नात्यातला वानर होता. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून ठेवलेली त्याची दाढ दिसली. आजही त्याचे दात आणि जबडेच मिळाले आहेत. 'तीन मीटर उंच' हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे, तेव्हा त्याच्या उभ्या पुतळ्याचे फोटो बघून हुरळून जाऊ नकोस. तीन ते दोन लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान तो संपला. उलट बुटकी माणसं मात्र खरोखर होती : इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेली प्रौढ स्त्री जेमतेम १०६ सें.मी. होती.

उंच लोक म्हणशील तर उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय इथे शिकार करून राहणाऱ्या मध्याश्मयुगीन लोकांचे सांगाडे मिळाले. पुरुष सुमारे १७४ ते १९२ सें.मी. आज १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी १६५ आहे, म्हणजे ते आपल्याहून चांगलेच उंच. पण सव्वासहा फूट म्हणजे राक्षस नव्हे, बास्केटबॉलच्या संघात बसेल एवढाच. शेती आल्यावर अनेक ठिकाणी उंची घटली, कारण जेवण एकसुरी झालं आणि दाट वस्तीत रोग वाढले.

आपल्याकडचं बघायचं तर शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दोनशेहून अधिक दफनं मिळाली. तिथे प्रौढांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडत. त्यामुळे सांगाडा डोक्यापासून पायापर्यंत मोजताच येत नाही, मांडीच्या हाडावरूनच हिशेब करावा लागतो. एरवीही पुरलेल्या सांगाड्याला टेप लावणं बरोबर नाही. मणके सुटतात, पावलं खाली ढळतात. आणि कोल्हापुरात १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी ब्रह्मपुरीचं टेकाड खणलं, तिथे सातवाहन काळापासूनची घरं, भांडी, बांगड्या निघाल्या. बांगडी म्हणजे मनगटाचं माप. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये गेलीस तर या नजरेने वस्तू बघ.

प्रश्न (गंगावेश) : तालमीतलं जुनं वस्ताद म्हणत्यात, पूर्वीची माणसं आठ-आठ फुटी हुती, म्हणून तर असल्या तलवारी पेलायची. म्युझियममधली हत्यारं बघितली की पटतंय. खरं हाय का वो?

वस्तादांचा मान राखून सांगतो, ताकद आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक पदक आणलं ते ५७ किलो गटात. मातीतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तलवारींचं म्हणाल तर काचेआड त्या जड दिसतात. लढाईची साधी तलवार सव्वा किलोच्या आसपास असते. तुमचा रोजचा मुद्गल त्याच्या कितीतरी पट. काही हत्यारं मिरवायची म्हणून मुद्दाम जड केलेली असतात, त्यांची धार आणि तोल बघितला की कळतं. आणि तलवारीचं पातं बघू नका, मूठ बघा. परजाच्या आडव्या दांडीपासून खालच्या चकतीपर्यंतची जागा इतकी आखूड असते की आजच्या भरल्या हाताच्या पैलवानाची चार बोटं तिच्यात अवघडून बसतात. वार ओढून करताना पंजा घट्ट अडकावा म्हणून ती मुद्दाम तंग ठेवत, हे एक कारण. आठ फुटी माणसाची तर तिच्यात दोनच बोटं गेली असती.